पाहुणे आणि वांटेकरी



एखाद्या देशांत मोठे क्रीडासामने भरले, म्हणजे पंधरा दिवस तेथें जगाची जत्रा लोटते. ध्वज फडकतात, पदकें वांटलीं जातात आणि निरोपाच्या समारंभांत सर्व राष्ट्रें एकाच कुटुंबांतील असल्याची ग्वाही दिली जाते. सोळाव्या दिवशीं मंडप उतरतो. मग त्या कुटुंबाचें पुढें काय होतें? याच प्रश्नासंबंधीं आज आपणांशीं चार शब्द बोलावयाचे आहेत.

राष्ट्रांनीं परस्परांच्या उन्नतीस हातभार लावावा आणि त्यास खेळ हें निमित्त व्हावें, हा विचार आतां बहुतेकांस मान्य आहे. १८९६ सालीं अथेन्स येथें अर्वाचीन ऑलिंपिक सामन्यांस ज्या दिवशीं प्रारंभ झाला, तो ६ एप्रिल हा दिवस संयुक्त राष्ट्रसंघानें २०१३ सालीं विकास व शांतता यांसाठीं क्रीडादिन म्हणून ठरविला. २०३० सालचे राष्ट्रकुल सामने अहमदाबादेस व्हावयाचे ठरले आहेत. तेव्हां यजमानपणाचा हा विचार आपल्या दारीं येऊन ठेपला आहे. तो अहमदाबादच्या क्रीडांगणावरून न करतां मालवणच्या किनाऱ्यावरून करूं या. कारण भागीदारी म्हणजे काय, हें तेथें अधिक स्पष्ट दिसतें.

त्या किनाऱ्यावर ज्यांनीं रापण ओढतांना पाहिली असेल, त्यांस हें निराळें सांगावयास नको. होडींतून जाळें समुद्रांत अर्धवर्तुळाकार सोडतात. त्याचे दोन्ही दोर कांठावर येतात आणि दोहों बाजूंस उभीं राहिलेलीं माणसें ते ओढूं लागतात. जाळें वाळूस लागलें, कीं मासळीचे वांटे पडतात. कांठावर उभा राहून जो नुसता पाहतो, तो पाहुणा. दोराला ज्याचा हात लागला, तो वांटेकरी. मोठ्या सामन्यांस येणारीं राष्ट्रें पाहुणीं म्हणून येतात आणि बहुधा पाहुणीं म्हणूनच परततात. त्यांस वांटेकरी कसें करावें, हीच खरी अडचण आहे.

ती अडचण अगदींच सुटत नाहीं असें नाहीं. २०१२ चे ऑलिंपिक सामने आपणांस मिळावेत म्हणून लंडनकरांनीं २००५ सालीं सिंगापूर येथें मागणी केली, तेव्हां जगांतील मुलांस खेळाकडे वळविण्याचें अभिवचन दिलें होतें. तें पाळण्यासाठीं ‘इंटरनॅशनल इन्स्पिरेशन’ नांवाचा कार्यक्रम २००७ सालीं सुरू झाला. युनिसेफ, ब्रिटिश कौन्सिल आणि यूके स्पोर्ट या संस्था त्यांत होत्या. पहिल्या पांच देशांत भारत होता. पुढें देशांची संख्या वीसवर गेली. त्यांतलें बांगलादेशचें काम मला विशेष मोलाचें वाटतें. त्या देशांत लहान मुलें तळ्यांत बुडून मरण पावणें हें मोठें संकट आहे. लंडनच्या सामन्यांच्या निमित्तानें जो आधार उभा राहिला, त्यांतून तेथील मुलांस पोहणें शिकविण्याच्या कामास साहाय्य मिळालें. त्यासाठीं संगमरवरी तलाव बांधावे लागले नाहींत. गांवच्याच तळ्यांत बांबूंचे मचाण बांधावें आणि गांवच्याच शिक्षकानें शिकवावें, एवढीच ती व्यवस्था. सामने झाले टेम्सच्या तीरीं. जीव वांचले खेड्यांतल्या तळ्याकांठीं!

आतां मालवणकडे वळूं. परक्याचें साहाय्य तेथें नवें नाहीं, आणि त्यांतून मिळालेला धडाही ताजा आहे. १९८७ सालीं मालवणचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचीं प्रवाळें आणि जलचर राखावेत, हा हेतु उत्तमच होता. परंतु ज्याची चूल त्या पाण्यावर पेटते, त्या मच्छीमाराला तो आपल्या पोटावर आलेला पाय वाटला आणि त्याचा विरोध वर्षानुवर्षें टिकला. पुढें संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम व जागतिक पर्यावरण सुविधा यांच्या साहाय्यानें सरकारनें सिंधुदुर्गांत सागरी जैवविविधतेचा प्रकल्प हातीं घेतला, तेव्हां वाट निराळी धरली. संरक्षणाची सांगड उपजीविकेशीं घातली. लहान मासळी निसटून जावी म्हणून चौकोनी आसाचीं जाळीं आलीं. खेकडेपालनासारखे उद्योग आले. वेंगुर्ल्यास मांडवी खाडींत स्वामिनी बचतगटाच्या स्त्रिया पर्यटकांस होडींतून कांदळवन दाखवूं लागल्या. समुद्र तोच आणि माणसेंही तींच; परंतु दुसऱ्या वेळीं त्यांच्या हातीं दोर दिला गेला.

याच मालवणांत चिवल्याच्या किनाऱ्यावर सागरी जलतरणाच्या राज्यस्तरीय स्पर्धा अनेक वर्षें भरत आल्या आहेत. आमच्या खेळाला हें एक उत्तम निमित्त आहे. त्यास कोणत्या कार्याची जोड द्यावी, हें शोधण्यास दूर जावयास नको. एप्रिल २०१७ मध्यें वायरीच्या किनाऱ्यावर बेळगांवच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलींतील आठ जण बुडाले. घाटावरून आलेल्या मुलांस समुद्राची ओढ कळत नाहीं, आणि सांगणारा जवळ नसतो. संयुक्त राष्ट्रसंघानें २०२१ सालीं २५ जुलै हा बुडण्याच्या प्रतिबंधाचा जागतिक दिन ठरविला. त्या ठरावासाठीं बांगलादेश व आयर्लंड या दोन देशांनीं पुढाकार घेतला होता. चिवल्याच्या स्पर्धेस अशा समुद्रकांठच्या देशांचे जलतरणपटू आणि त्यांच्याबरोबर त्यांचे जीवरक्षक व शिक्षक यावेत. त्यांनीं आमच्या शाळांतील मुलांस व किनाऱ्यावरील तरुणांस शिकवावें. आणि आमच्या मच्छीमारांनीं त्यांस जाळ्याची व खाडीची विद्या दाखवावी. असें झाल्यास ती स्पर्धा एका दिवसाची राहणार नाहीं.

कोणी म्हणतील, परदेशचीं मंडळी या लहानशा किनाऱ्यावर कशाला येतील? २०१४ च्या जानेवारींत गोव्यास पोर्तुगीज भाषेशीं संबंध असलेल्या देशांचे लुसोफोनिया सामने झाले. मोझांबिक, मकाव, श्रीलंका, पोर्तुगाल अशा दूरदूरच्या खेळाडूंनीं गोवा गांठला. गोव्यापासून मालवण ही कितीशी वाट! शिवाय त्यांतले बहुतेक देश समुद्रकांठचेच. मासळी घटणें, खाडी बुजणें, पर्यटकांची गर्दी सोसणें, या त्यांच्या आणि मालवणच्या चिंता सारख्याच आहेत. पाहुणा जवळ येतो. त्यास काम सांगणारा मात्र आपण आधींच ठरवून ठेवावा लागतो.

याकरितां तीन गोष्टी पाळल्या पाहिजेत. सामन्यांपूर्वीं कार्याचें नांव ठरावें. ‘मैत्री वाढविणें’ असें मोघम नव्हे, तर अमुक शाळांतील अमुक मुलांस पोहतां यावें, असें. दुसरें, तें कार्य स्थानिकांच्या हातीं असावें. मच्छीमार, बचतगट आणि शाळा यांस विचारल्यावांचून एकही आराखडा ठरूं नये. तिसरें, सामने संपल्यावर वर्षानें हिशेब जाहीर व्हावा. पदकांची यादी दुसऱ्या दिवशीं छापतात. या यादीस वर्ष लागो, परंतु ती छापली गेली पाहिजे.

मोठ्या सामन्यांवर अमाप पैसा खर्च होतो आणि गरिबांच्या वस्त्यांस त्याची झळ लागते, ही तक्रार खरी आहे. म्हणूनच अहमदाबादचा विचार आतांच व्हावयास हवा. प्रकाशाचे झोत विझल्यावर कोणाचें पोर पोहावयास शिकलें आणि कोणाच्या जाळ्यांत मासळी राहिली, यावरून यजमानाची परीक्षा व्हावी. अहमदाबादेस २०३० सालीं उत्सव होईल हें निश्चित. त्यांतून वांटेकरी किती निपजतील, हें आज आपण दोर कोणाच्या हातीं देतों, यावर ठरेल.