टेबलावर घेतलेला निर्णय



अध्यक्षाने फिजिशियनांच्या संघटनेच्या वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. तो आढावा आपल्या हातातल्या अहवालात छापलेला आहे, शिवाय जेवणाची वेळ जवळ आली आहे. म्हणून सरळ विषयावर येतो. मधुमेही माणसाच्या हृदयात घातलेल्या स्टेंटचं पाच-सात वर्षांनी काय होतं, आणि तो घालायचा की नाही हे कुठे बसून ठरवायचं, एवढंच मला बोलायचं आहे.

जागा आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. अँजिओग्राफी झालेली, रुग्ण टेबलावर, मनगटातली नळी तशीच. बाहेरून मुलाला बोलावतात. चपला काढून तो काचेपलीकडे अवघडून उभा राहतो. पडद्यावर करड्या रेषा हलत असतात. कोणीतरी बोट ठेवून सांगतं, ‘इथे नव्वद टक्के, इथे ऐंशी, तिकडे सत्तर. आत्ताच करून टाकू या का?’ मुलगा विचारतो, ‘चिरफाड नाही ना करावी लागणार?’ नाही म्हटलं की सही होते. वडिलांना शुगर किती वर्षांपासून आहे, हा विषय त्या खोलीत क्वचितच निघतो.

निघायला हवा, कारण पुढचं बरंचसं त्यावरच ठरतं. अमेरिकेतल्या ‘बारी’ चाचणीने हे १९९५ सालीच दाखवलं होतं. एकापेक्षा जास्त धमन्या अडलेल्या आणि मधुमेहावर उपचार चालू असलेल्या रुग्णांपैकी फुग्याची अँजिओप्लास्टी झालेले ६५.५ टक्के पाच वर्षांनी हयात होते, बायपास झालेले ८०.६ टक्के. तेव्हा आपण म्हणालो, फुग्याचा दोष आहे, स्टेंट येऊ द्या. स्टेंट आले, औषध लावलेले स्टेंटही आले. मग २०१२ साली ‘फ्रीडम’ चाचणीचे निकाल लागले. १९०० मधुमेही रुग्ण, बहुतेकांच्या तिन्ही धमन्यांत आजार. पाच वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात यांपैकी काही ना काही झालेले स्टेंटच्या गटात २६.६ टक्के, बायपासच्या गटात १८.७ टक्के. नुसते मृत्यू मोजले तरी १६.३ आणि १०.९. पहिली एक-दोन वर्षं दोन्ही गट जवळपास सारखेच चालले होते. फरक पडला तो नंतर. आपण मात्र सहा महिन्यांनी ट्रेडमिलवर चालवून रुग्णाची पाठ थोपटतो.

पक्षाघाताचं प्रमाण बायपासमध्ये जास्त होतं, ५.२ विरुद्ध २.४ टक्के. बायपासची बाजू मांडताना हा आकडा खिशात ठेवायचा नसतो.

कारण गूढ नाही. मधुमेहात धमनी एका ठिकाणी बिघडत नाही. ती लांबवर, आतून, शेवटच्या बारीक फांद्यांपर्यंत बिघडते. स्टेंट काही मिलिमीटरची दुरुस्ती करतो. पुढच्या वर्षी त्याच्या अलीकडे नवा अडथळा झाला तर तो काय करणार? छातीच्या भिंतीमागची धमनी पलीकडे नेऊन जोडली की अलीकडे पुढे होणाऱ्या अडथळ्यांचीही बरीचशी सोय होते.

‘फ्रीडम’मधले स्टेंट जुने होते, हा माझ्या इंटरव्हेन्शनल मित्रांचा आक्षेप रास्त आहे. नवे स्टेंट चांगले आहेत, आणि याचा उत्तम पुरावा आपल्याच देशातला आहे. डॉ. उपेंद्र कौल यांच्या २०१५ सालच्या ‘टक्सेडो-इंडिया’ चाचणीत १८३० मधुमेही रुग्ण होते. पॅक्लिटॅक्सेल हे औषध लावलेल्या जुन्या स्टेंटपेक्षा एव्हरोलिमसचा नवा स्टेंट सरस ठरला. स्टेंटमध्ये गुठळी होण्याचं प्रमाण वर्षभरात २.१ टक्क्यांवरून ०.४ वर आलं. पण त्याच साली आशियातल्या ‘बेस्ट’ चाचणीत एव्हरोलिमसचाच स्टेंट होता, आणि तिथेही मधुमेहींना बायपास अधिक मानवला. वाद मिटला नसेल, पण पारडं कुठे झुकतंय ते दिसतं.

हार्ट अटॅक घेऊन आलेल्या माणसाला यातलं काही लागू नाही. तिथे तातडीने धमनी उघडा; स्टेंट जीव वाचवतो.

२०१७ साली सरकारने औषध लावलेल्या स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली, ते बरंच झालं. पण टेबलावरची घाई किंमत बांधून जात नाही.

स्टेंट बसल्यानंतरचं काम आपलं, फिजिशियनचं. दाढ काढायची म्हणून कोणीतरी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद करतं आणि आपल्याला ते चौथ्या दिवशी कळतं. ‘ब्लॉकेज निघाला’ म्हणून रुग्ण स्टॅटिन स्वतःच सोडतो. किडनी, बीपी, तंबाखू कोणी विचारत नाही. एम्पाग्लिफ्लोझिनसारखी हृदयालाही उपयोगी पडणारी मधुमेहाची औषधं हाताशी असताना तीच जुनी चिठ्ठी वर्षानुवर्षं ‘रिपीट’ होते.

आज दुपारच्या सर्वसाधारण सभेत मी एक ठराव मांडणार आहे. प्रकृती स्थिर असलेल्या, अनेक धमन्या अडलेल्या मधुमेही रुग्णाची अँजिओग्राफी झाली की नळी काढावी, त्याला वॉर्डात आणावं, सर्जनचं मत घ्यावं, आणि दोन्ही उपचारांचे पाच वर्षांचे आकडे मराठीत छापून नातेवाइकांच्या हातात द्यावेत. सही दुसऱ्या दिवशी. या ठरावाला आपण सर्वांनी पाठिंबा द्यावा, आणि उद्यापासून तो आपापल्या रुग्णालयात पाळावा, अशी विनंती करून मी थांबतो.