शाळेचा वर्धापनदिन आणि तंजावरचा एक विद्यार्थी



मार्गशीर्ष-पौषाचे दिवस आले म्हणजे घाटकोपरसारख्या उपनगरात शाळाशाळांतून वर्धापनदिनांची व स्नेहसंमेलनांची एकच धांदल उडते. एका रस्त्यावर मराठी शाळा, पलीकडे गुजराती, तिच्यामागे हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाची. कोणाचा रौप्यमहोत्सव, कोणाचा सुवर्णमहोत्सव. पताका लागतात, ईशस्तवन होते, पाहुण्यांना नारळ दिला जातो आणि मग मुख्याध्यापक अहवाल वाचावयास उभे राहतात. त्या अहवालात 'विद्यार्थ्यांचे सुयश' हा परिच्छेद ठरलेला असतो. शिष्यवृत्त्या किती, शालान्त परीक्षेत प्रथम वर्ग किती, वक्तृत्वात ढाल कोणी मिळविली. नावे वाचली जातात, टाळ्या पडतात. खेड्यातील दोनशिक्षकी शाळेत मात्र याच परिच्छेदापाशी गुरुजींची लेखणी अडते. चौथीनंतर निम्मी मुले गुराढोरांमागे, ऊसतोडीला किंवा शहरात गेलेली. सुयश म्हणून लिहावयाचे काय?

या प्रश्नाचा विचार एका फार जुन्या शाळेच्या आधाराने करणे उपयुक्त ठरेल. ती शाळा ल्यूथरपंथी ख्रिस्ती मिशनची होती. मुंबईच्या मराठी मुलांचा ल्यूथरपंथीयांशी फारसा संबंध आला नाही. येथे अमेरिकन मराठी मिशनने १८१५ मध्ये शाळा काढली, पुढे स्कॉटिश मिशनरी आले. मराठी घराण्याचा आणि ल्यूथरपंथी शिक्षकांचा खरा संबंध आला तो कावेरीच्या काठी, तंजावरात.

मार्टिन ल्यूथरने १५२४ मध्ये जर्मन नगरांच्या कारभाऱ्यांना एक पत्र लिहून मुलांसाठी, आणि मुलींसाठीही, शाळा काढण्याचा आग्रह धरला होता. धर्मग्रंथ प्रत्येकाने स्वभाषेत स्वतः वाचावा असे म्हटले की प्रत्येकाला वाचता येणे ओघानेच आले. हाले या गावी फ्रांके नावाच्या धर्मोपदेशकाने १६९५ मध्ये गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली व तिच्याभोवती अनाथालय, छापखाना, औषधशाळा असा मोठा व्याप उभा केला. त्याच परंपरेत तयार झालेले झीगेनबाल्ग व प्ल्यूचाउ हे दोन तरुण डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयाने ९ जुलै १७०६ रोजी तरंगंबाडीस उतरले. हे बंदर डेन लोकांकडे असले तरी ते तंजावरच्या राज्याच्या किनाऱ्यावर होते, आणि तंजावरच्या गादीवर शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांचा वंश होता.

झीगेनबाल्गला तमिळ येत नव्हते. त्याने एका वृद्ध तमिळ पंतोजीला विनंती करून त्याची शाळा आपल्या घरी आणविली, आणि लहान मुलांच्या ओळीत मांडी घालून बसून वाळूत बोटाने अक्षरे गिरविली. आपल्याकडील धूळपाटीचाच तो प्रकार. हिंदुस्थानात शाळा काढावयास आलेला पहिला ल्यूथरपंथी शिक्षक येथे प्रथम विद्यार्थी झाला, तोही बिगरीतला. दुसऱ्याच वर्षी, १७०७ मध्ये, त्याच्या शाळा सुरू झाल्या. त्यांत मुलींनाही शिकविले जाई. पुढे छापखाना आला आणि १७१५ च्या सुमारास तमिळ 'नवा करार' छापून पूर्ण झाला. या आगमनास तीनशे वर्षे झाली तेव्हा, २००६ मध्ये, तमिळनाडूतील ल्यूथरपंथीयांनी मोठा महोत्सव केला.

पण सुयशाचा परिच्छेद लिहावयाचा तर दृष्टी तंजावरकडेच वळवावी लागते. १७५० मध्ये ख्रिस्तियन फ्रीडरिख श्वार्ट्झ हा मिशनरी तरंगंबाडीस आला. तो पुढे त्रिचनापल्लीस व १७७८ पासून तंजावरास राहिला. त्याला तमिळ व फार्सी येत होती. तंजावरच्या दरबारी मंडळींशी बोलता यावे म्हणून तो मराठीही शिकला. हैदर अलीच्या स्वारीनंतर १७८१ च्या सुमारास दुष्काळ पडला, तेव्हा त्याने धान्य मिळवून उपाशी माणसांना जेवू घातले. त्याच्या प्रयत्नाने तंजावर, रामनाड व शिवगंगा येथे इंग्रजी शिकविणाऱ्या शाळा निघाल्या, आणि १७८७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्या प्रत्येकीस सालीना २५० होनांचे अनुदान मंजूर केले. अनुदानाच्या हप्त्याची वाट पाहणाऱ्या शिक्षकांना ही परंपरा किती जुनी आहे हे यावरून कळावे!

त्याच वर्षी तंजावरचे राजे तुळजाजी मृत्युशय्येवर होते. त्यांनी भोसले कुळातील शरफोजी नावाचा मुलगा दत्तक घेतला. मुलगा १७७७ चा जन्मलेला, म्हणजे जेमतेम नऊ वर्षांचा. राजांनी श्वार्ट्झला जवळ बोलावून या मुलाचा सांभाळ करावयास सांगितले. गादी मात्र तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांच्याकडे गेली, आणि मुलगा राजवाड्यातच अडकला. श्वार्ट्झच्या पत्रांत त्याची जी हकिकत येते ती एका बाजूची असली तरी हृदयद्रावक आहे: मुलाला कोंडल्यासारखे ठेवलेले, उजेड नाही, मोकळी हवा नाही आणि शिक्षण नाही. श्वार्ट्झने मद्रासच्या सरकाराकडे तक्रारी केल्या, पुन्हा पुन्हा केल्या. अखेर १७९३ च्या आरंभी मुलगा व तुळजाजींच्या विधवा राण्या मद्रासेस सुरक्षित पोहोचल्या. तेथे गेरिके या दुसऱ्या ल्यूथरपंथी मिशनऱ्याने त्याचे शिक्षण चालविले. तेव्हा शरफोजी पंधरा वर्षांचे होते. ज्या वयात आपण मुलाला 'आता याचे काही व्हावयाचे नाही' असे म्हणून मोकळे होतो, त्या वयात हा विद्यार्थी खऱ्या अर्थाने शिकावयास बसला.

१३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ वारला आणि त्याच वर्षी जूनमध्ये शरफोजी गादीवर आले. पुढच्याच वर्षी, १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार कंपनीने घेतला. राजांकडे राहिला तंजावरचा किल्ला, भोवतालचा थोडा मुलूख व तनखा. राज्य नसलेला राजा काय करतो? बहुतेक करतात ते शरफोजींनीही केले असते तर कोणी दोष दिला नसता.

त्यांनी नायकांच्या काळापासून चालत आलेले ग्रंथालय वाढविले. आजचा जगप्रसिद्ध सरस्वती महाल तो हाच. धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग झाले. नेत्ररोग्यांच्या हकिकती डोळ्यांच्या चित्रांसह लिहून ठेवल्या गेल्या व त्या आजही पाहावयास मिळतात. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला; इतका लांब मराठी शिलालेख दुसरीकडे सापडणे कठीण. देवनागरी छापखाना उभारून 'बालबोध मुक्तावली' हे इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर मुलांसाठी काढले. मुंबईत मराठी क्रमिक पुस्तके निघू लागण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. १८२६ मध्ये बिशप हेबर त्यांना भेटला, तेव्हा हे महाराज लव्हाझिए व लिनियस यांची नावे सहज घेत बोलत असल्याचे पाहून तो चकित झाला.

शिक्षकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी अशी कृती म्हणजे 'देवेंद्र कुरवंजी'. तमिळ मुलुखात कुरवंजी हा नृत्यगीतांचा लोकप्रिय प्रकार. त्यात भविष्य सांगणारी भटकी कुरवंजी बाई येते व देशोदेशीच्या हकिकती सांगते. शरफोजींनी हा साचा घेऊन मराठीत रचना केली आणि त्या बाईच्या तोंडी पृथ्वीवरील खंड, देश, नद्या यांचे नवे भूगोलज्ञान घातले. नकाशा भिंतीवर टांगून छडी फिरविणाऱ्यांनी दोनशे वर्षांपूर्वीचा हा पाठ एकदा डोळ्यांपुढे आणावा. आपल्याकडे वासुदेव आहे, पोतराज आहे, पिंगळा आहे. त्यांपैकी कोणाच्या तोंडी भूगोल घालता येणार नाही?

याच शाळेत शिकलेला आणखी एक विद्यार्थी वेदनायकम शास्त्री. १७७४ मध्ये जन्मलेला हा तमिळ ख्रिस्ती मुलगा श्वार्ट्झने वाढविला. तो मोठा कवी झाला, शाळेत मुख्य शिक्षक झाला, आणि 'बेथलेहेम कुरवंजी' या आपल्या काव्यात त्यानेही नवे खगोल-भूगोलाचे ज्ञान गोविले. एकाच गुरूचे दोन शिष्य, एक शिवभक्त राजा, दुसरा ख्रिस्ती कवी, आणि दोघांनी एकाच लोकप्रकाराची पाटी केली. शरफोजी अखेरपर्यंत हिंदूच राहिले. १८२० च्या सुमारास त्यांनी काशीयात्रा केली. मिशनच्या हिशेबाने हे कदाचित अपयश असेल. शाळेच्या हिशेबाने तसे म्हणता येत नाही.

मात्र सुयशाचा परिच्छेद लिहिणाऱ्याने उणी बाजूही लिहावी. हाच वेदनायकम म्हातारपणी, १८२९ च्या सुमारास, नव्या मिशनऱ्यांनी प्रार्थनामंदिरातील जातवार बैठक मोडण्याचे ठरविले तेव्हा तिच्या बाजूने उभा राहिला व जातिभेदाच्या समर्थनार्थ त्याने लिहिले. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे ज्याला पटले, त्याला शेजारी कोण बसावे हे पटले नाही. ज्ञान दिले की मन आपोआप मोकळे होते असे मानणाऱ्या शिक्षकाने या उदाहरणापाशी थांबले पाहिजे. वर्गातील बसण्याची ओळ, पाण्याचा माठ, पोषण आहाराची पंगत हे पाठ पुस्तकात नसतात.

शरफोजींच्या कर्तृत्वातील एक भाग ग्रंथालयाच्या कीर्तीत झाकून जातो. तंजावरच्या राज्यात यात्रेकरूंसाठी छत्रे, म्हणजे अन्नछत्रे व धर्मशाळा होत्या. ती कंपनीच्या हाती जाऊ नयेत म्हणून राजांनी १८०१ मध्ये रेसिडेंटला जे पत्र लिहिले, त्यात छत्रांची व्यवस्था तपशीलवार दिली आहे. प्रत्येक छत्रात वेद शिकविणारे अध्यापक, एक शाळामास्तर व वैद्य असत. वाटेत आईबाप दगावून पोरकी झालेली परमुलुखातील मुले या शाळामास्तराच्या हवाली केली जात. त्यांना तीन वेळा जेवण मिळे, चार दिवसांनी एकदा अंगाला तेल लावले जाई, आजार झाल्यास औषध मिळे, आणि शिकून आपल्या पायांवर उभे राहीपर्यंत त्यांचा भार छत्र उचली. राज्य गेले तरी चालेल पण ही व्यवस्था मोडू नये, असा त्या पत्राचा सूर आहे. अंधाऱ्या खोलीत ज्याचे बालपण गेले, त्याने पोरक्या मुलांच्या तेल-आंघोळीपर्यंतचा तपशील लक्षात ठेवला होता.

खेड्यातील शाळेच्या वर्धापनदिनी अहवाल लिहिताना जुना दाखलखारीज रजिस्टर काढून बसण्याची पद्धत काही शिक्षकांनी पाडली आहे, आणि ती चांगली आहे. परीक्षेत पहिला आलेला कोण, हे निकालपत्रकावरून कळते. पण गावच्या विहिरीचा हिशेब कोण ठेवतो, धाकट्या भावंडांना शाळेत आणून कोणी बसविले, सासरी गेलेल्या कोणत्या मुलीने तेथील अंगणवाडीत काम धरले, तिसरीतून नाव कमी झालेला मुलगा आज आपल्या मुलाला घेऊन दारात उभा राहिला का, हे विचारल्याशिवाय कळत नाही. अशी दहा घरे हिंडून लिहिलेला परिच्छेद लांबट होतो, पाहुणे घड्याळाकडे पाहतात. पाहू द्यावे.

श्वार्ट्झच्या मृत्यूनंतर शरफोजींनी इंग्लंडातील नामांकित शिल्पकार फ्लॅक्समन याच्याकडून संगमरवरी शिल्प करवून घेतले. ते तंजावरच्या लहान किल्ल्यातील चर्चमध्ये आहे. वृद्ध गुरू बिछान्यावर पडलेला आहे, राजाने त्याचा हात हातात घेतला आहे, आणि बिछान्याशी शाळेतली लहान मुले उभी आहेत.