तेल आलं कुठून?
(मंडळाच्या उन्हाळी सहलीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी पडलो सॉफ्टवेअरवाला. पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये एक ठोकळा कानसीनं घासला, तेवढाच माझा लोखंडाशी संबंध. पण सकाळपासून मुलं बाहेरच्या जीपवर चढताहेत, म्हणून कार्यकर्त्यांनी मलाच बोलायला उभं केलंय!

ही १९५५ ची विलीज सीजे-३बी, इथून तासाभरावरच्या टोलीडोत बनलेली. महिंद्रनं हेच मॉडेल भारतात बरीच वर्षं बनवलं. बाबा पाटबंधारे खात्यात होते, तेव्हा अशाच जीपनं साइटवर जायचे. त्या आठवणीपायीच मी ही घेतली.

घेतली खरी, पण ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढायची. डावा ड्रम उघडला तर ब्रेक शू तेलानं माखलेले. नवे शू टाकले. दोन महिन्यांत पुन्हा तेच. एकदा सिग्नलला ब्रेक लावला आणि गाडी सरळ शेजारच्या लेनमध्ये गेली. मुलगा बाजूला बसला होता. लेन रिकामी होती, हे नशीब. त्या दिवशी किल्ली खुंटीला टांगली.

त्याच उन्हाळ्यात बाबा इथे आले. खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "अरे, शू बदललेस, पण तेल आलं कुठून ते पाहिलंस का?"

मंडळी, दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधले बग शोधणाऱ्या माणसाला हा प्रश्न चांगलाच झोंबला!

या जीपच्या पुढच्या अ‍ॅक्सलच्या टोकाला एक पोकळ गोळा असतो. त्यावर नकल बसतं आणि वर-खाली दोन किंगपिनांवर फिरतं, दार दोन बिजागऱ्यांवर फिरतं तसं. चाकाला ताकद देणारा जॉइंट गोळ्याच्या आत. डिफरन्शियलचं तेल आत येऊ नये म्हणून अ‍ॅक्सलच्या नळीत एक ऑइल सील असतं. माझं तेच गेलं होतं. तेल नकलमध्ये, तिथून हबमध्ये आणि शेवटी ब्रेकवर!

मग बाबांनी जॅक लावायला सांगितलं. चाक वर-खाली धरून हलवलं, तर प्ले. मुलाला ब्रेक दाबून धरायला लावलं. तरीही प्ले तेवढाच. म्हणजे दोष चाकाच्या बेअरिंगचा नव्हे, किंगपिनचा. उघडल्यावर कपमध्ये खळगे दिसले. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे रोलर त्याच जागी घासत राहतात.

आतलं सील, बेअरिंग आणि कप नवे घातले. गोळ्यावरचा गंज पॉलिश पेपरनं काढला, कारण खरखरीत गोळा बाहेरचं सील खाऊन टाकतो. बाहेरच्या सीलची फेल्ट तेलात भिजवून बसवली. किंगपिनखालच्या शिम मात्र मी अंदाजानं जास्तच काढल्या. फेरी मारली तर वळणानंतर स्टिअरिंग आपणहून परत येईना. पुन्हा उघडलं. टाय रॉड सोडवून, बाहेरचं सील आणि अ‍ॅक्सल शाफ्ट काढून, स्प्रिंगच्या वजनकाट्यानं नकल ओढून पाहिलं आणि मॅन्युअलमधला आकडा जुळेपर्यंत शिम घातल्या. शिम कमी केल्या की घट्ट, वाढवल्या की सैल.

शेवटी वंगण. घट्ट ग्रीस एकदा बाजूला सरकलं की परत जॉइंटवर येत नाही. नुसतं पातळ तेल जुन्या सीलमधून गळतं. म्हणून मी ००, म्हणजे डबल झीरो ग्रेडचं, दाट काकवीसारखं ग्रीस प्लगमधून भरलं. ठासून नाही, नाहीतर तेच सील फोडतं.

मला वाटलं, झालं काम. बाबा म्हणाले, "उजवं चाकही त्याच वयाचं आहे." मग तेही उघडलं. तिथलंही सील झिरपायला लागलेलं निघालं!

जेवणानंतर मुलांना एकेक फेरी मिळेल. बेल्ट लावलेले आहेत आणि ब्रेक आता सरळ लागतात.