नाकाची वाट, सिस्टरचा पहारा

वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी मेंदूच्या तळाशी, हाडाच्या खोबणीत असते. तिथली गाठ नाकाच्या वाटेने काढता येते, हे १९०७ साली इन्सब्रुकमध्ये हेरमान श्लोफर यांनी दाखवून दिलं. आज हे काम दुर्बिणीने होतं. पहारा मात्र त्यानंतर सुरू होतो, वॉर्डात.

सिस्टरचं पहिलं लक्ष लघवीच्या मापावर. किरकोळ वाटतं ना? पण शरीरातलं पाणी राखणारं संप्रेरक कमी पडलं, की पाण्यासारखी लघवी होतच राहते, तहान भागत नाही. सलग दोन-तीन तास ताशी २५० ते ३०० मिलिलिटरहून जास्त लघवी झाली, तर डॉक्टरांना लगेच कळवतात आणि रक्तातलं सोडियम तपासतात.

मग नाक. पुढे वाकल्यावर स्वच्छ पाणी टपकलं, घशात खारट चव आली, तर ती साधी सर्दी नसावी. मेंदूभोवतीचा द्रव झिरपत असू शकतो, आणि त्यातून मेंदूज्वराचा धोका. म्हणून उशाकडची बाजू तीस अंश उचललेली, नाक शिंकरायला बंदी, शिंक आली तर तोंड उघडून. बद्धकोष्ठही टाळतात; कुंथल्याने डोक्यातला दाब वाढतो.

मध्येच सिस्टर ‘बोटं किती?’ विचारतात. दृष्टीच्या नसा ग्रंथीच्या अगदी वरून जातात.

घरी गेल्यावरही, शस्त्रक्रियेनंतरच्या चौथ्या ते दहाव्या दिवसांत सोडियम उतरू शकतं. डोकेदुखी, मळमळ, बोलण्यात गोंधळ दिसला, तर रुग्णालय गाठायचं. दिलेली स्टेरॉइडची गोळी मनाने बंद करायची नाही, आणि साधारण सातव्या दिवशी रक्ततपासणी असते.