अर्धा शेकेल आणि लीड्सची लोकर

(सिनेगॉगच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा ध्वनिमुद्रणावरून उतरवलेला मजकूर.)



या आठवड्यात आपण पाराशा वायाखेल ऐकली. निवासमंडप कसा उभा राहिला याची ती हकीकत आहे, आणि तिचा मोठा भाग कापडाचा आहे. निळे, जांभळे आणि किरमिजी सूत, तलम सण, बकऱ्यांचे केस, ते कातणाऱ्या कुशल स्त्रिया, आणि सर्व कारागिरांवर नेमलेला बेजालेल. लोकांनी स्वखुशीने इतके आणून दिले की मोशे रब्बेनूंना 'आता पुरे' अशी दवंडी पिटवावी लागली. परंतु पुढच्या पाराशेत जो हिशेब दिला आहे, तिकडे माझे लक्ष नेहमी जाते. दरडोई अर्धा शेकेल घेऊन जी चांदी जमली, तिच्या उथळ्या ओतल्या; म्हणजे ज्या बैठकांवर मंडपाच्या फळ्या उभ्या राहिल्या त्या. या वर्गणीत श्रीमंताने अधिक द्यायचे नव्हते आणि गरिबाने कमी द्यायचे नव्हते. मंडपाची शोभा ऐच्छिक दानातून आली. पाया समान वर्गणीतून आला.

हाच हिशेब मला ब्रिटनमधील एका उद्योगाच्या इतिहासात आढळला, म्हणून आज त्याविषयी बोलते. मी निवृत्त परिचारिका आहे. वस्त्रविद्येचे शिक्षण मी घेतलेले नाही. परंतु रुग्णाच्या उशाशी जी साधने आम्ही वापरली, त्यांतील काहींचे मूळ शोधू गेले असता ते लोकरीच्या प्रयोगशाळेत निघाले.

यॉर्कशायर हा लोकरीचा प्रांत आणि लीड्स ही त्याची मोठी पेठ. 1867 च्या पॅरिस प्रदर्शनानंतर इंग्रज उद्योजकांच्या ध्यानात आले की फ्रान्स आणि जर्मनी हे देश आपल्या कारागिरांना शास्त्र शिकवत आहेत आणि आपण मात्र जुन्या सवयीवर विसंबून आहोत. या जाणिवेतून 1874 साली लीड्समध्ये यॉर्कशायर कॉलेज ऑफ सायन्स निघाले. लंडनच्या क्लॉथवर्कर्स कंपनीने, म्हणजे 1528 साली सनद मिळालेल्या कापड-कारागिरांच्या जुन्या संघाने, तेथे वस्त्रोद्योगाचे आणि पुढे रंगाईचे शिक्षण सुरू करण्यास पैसा दिला. त्याच कॉलेजचे 1904 साली लीड्स विद्यापीठ झाले.

ही दानाची बाजू झाली. वर्गणीची बाजू पहिल्या महायुद्धाने दाखवली. 1914 साली युद्ध पेटले, तेव्हा ब्रिटनमध्ये कापड होते, पण ते रंगवण्याचे बहुतेक कृत्रिम रंग जर्मनीतून येत असत. शत्रूच्या रंगाशिवाय सैनिकाचा गणवेश रंगवणे कठीण झाले. मग सरकारने दहा लाख पौंडांचा निधी बाजूला काढला: एखाद्या उद्योगातील कारखानदारांनी एकत्र येऊन संशोधनासाठी वर्गणी जमवावी, सरकार त्यात भर घालील. पेठेत एकमेकांचे गिऱ्हाईक ओढणारे गिरणीमालक या कामापुरते एका टेबलाशी बसले. 1918 साली लोकरीची संशोधन संस्था लीड्समध्ये आणि 1919 साली कापसाची मँचेस्टरमध्ये निघाली. मिळालेले ज्ञान कोण्या एका गिरणीचे नव्हे, सर्वांचे.

1928 साली विल्यम ॲस्टबरी हे भौतिकशास्त्रज्ञ लीड्स विद्यापीठात वस्त्रभौतिकीचे अध्यापक म्हणून आले. लोकर ताणली तर लांबते आणि सोडली तर पुन्हा आखडते, असे का, हा गिरणीचा प्रश्न होता. ॲस्टबरींनी लोकरीच्या धाग्यातून क्षकिरण पाठवून छायाचित्रे घेतली आणि दाखवले की ताणल्यावर धाग्यातील प्रथिनाच्या रेणूंची घडी उलगडते. त्याच प्रयोगशाळेत फ्लोरेन्स बेल या तरुण संशोधिकेने 1938 साली डीएनएची क्षकिरण छायाचित्रे घेतली. डीएनएच्या रचनेचा उलगडा 1953 साली झाला. त्या वाटेवरील एक आरंभीचे पाऊल लोकरीच्या विभागात पडले होते.

दुसरी गोष्ट आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांची. लोकरीच्या संशोधन संस्थेत त्यांच्यापुढे काम होते लोकरीतील ॲमिनो आम्ले वेगळी करण्याचे. 1941 साली त्यांनी त्याची नवी पद्धत प्रसिद्ध केली. 1944 साली त्याच संस्थेतून तिची कागदावरची सोपी तऱ्हा निघाली. टिपकागदावर शाईचा ठिपका ठेवून कागदाचे टोक पाण्यात बुडवले, तर पाणी वर चढताना शाईतील रंग निरनिराळ्या अंतरांवर थांबतात, हे मुलांनाही ठाऊक असते. साधारण त्याच रीतीने अदृश्य द्रव्ये एकमेकांपासून सुटी होतात. 1952 साली या दोघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनची रचना उलगडली ती या पद्धतीच्या आधाराने. नवजात बालकाच्या लघवीत एखादे ॲमिनो आम्ल जादा आहे काय, हे रुग्णालये अशाच कागदावर पाहू लागली. आपल्यापैकी ज्यांना मधुमेह आहे ते तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी 'एचबीएवनसी' तपासणी करून घेतात. ती करणारी अनेक यंत्रे याच पद्धतीच्या वंशातील आहेत. वर्गणी देणाऱ्या लोकर-व्यापाऱ्याने यांपैकी काहीही मागितले नव्हते. त्याला चांगली लोकर हवी होती.

सर्वच प्रयोग यशस्वी झाले असे नाही. शेंगदाण्यातील प्रथिनापासून लोकरीसारखा धागा काढण्याच्या कल्पनेत ॲस्टबरींचा हात होता आणि ते स्वतः तशा कापडाचा ओव्हरकोट घालून हिंडत असत. आपण शनवार तेल्यांची लेकरे. तेल काढल्यावर उरणारी पेंड गुरांपुढे जाते हे आपल्याला कोणी सांगायला नको. त्या पेंडीचा कोट करण्याचा हा उद्योग! स्कॉटलंडमध्ये डम्फ्रीस येथे त्याचा कारखाना 1951 साली निघाला आणि काही वर्षांतच बंद पडला. दाणा खपला, धागा खपला नाही. तरीही प्रथिनांविषयी जे कळले ते वाया गेले नाही.

आता परिचारिका म्हणून एक अवघड गोष्ट बोलते. धाग्याची तपासणी भिंगाखाली होत होती, तेव्हा तो कातणाऱ्याची छाती कोण तपासत होते? लँकेशायरच्या सूतगिरण्यांत कापूस पिंजण्याच्या खात्यातील कामगारांना रविवारची सुटी घेऊन सोमवारी कामावर आले की छाती आवळल्यासारखी होई. आरंभी हा त्रास सोमवारपुरता असे; पुढे तो रोजचा होई आणि माणूस कायमचा धापा टाकू लागे. या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. कापसाची धूळ हे त्याचे कारण. मँचेस्टर विद्यापीठात 1945 साली कामगारांच्या आरोग्याचे अध्यासन सुरू झाले आणि तेथील डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी गिरण्यांत जाऊन, कामगारांना प्रश्न विचारून आणि त्यांचा श्वास मोजून, या रोगाच्या पायऱ्या ठरवल्या. त्या पायऱ्या पुढे जगभर वापरल्या गेल्या. आपल्या मुंबईच्या गिरणगावातही तोच रोग होता. उद्योगासाठी केंद्र काढायचे तर त्यात यंत्राबरोबर माणसाचीही जागा हवी, हे मँचेस्टरने दाखवले. लीड्सचे शिंपी-सम्राट सर माँटेग्यू बर्टन, जे लिथुआनियातून आलेले यहुदी होते, त्यांनीही लीड्स, कार्डिफ आणि केंब्रिज विद्यापीठांत मालक-कामगार संबंधांच्या अभ्यासासाठी अध्यासनांना देणगी दिली, याचा आपल्याला अभिमान वाटावा.

मुंबई या बाबतीत फार मागे नव्हती. 1 ऑक्टोबर 1933 रोजी मुंबई विद्यापीठाने आपला रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू केला. यूडीसीटी या नावाने तो आपल्याला परिचित आहे. आरंभीच्या विषयांत वस्त्ररसायन होते, कारण शहर गिरण्यांचे होते. 1938 साली त्याचे पहिले भारतीय संचालक झालेले प्रा. के. वेंकटरामन मँचेस्टरला शिकलेले होते. कापडासाठी निघालेल्या या विभागातून पुढे औषधे, रंग, अन्न आणि प्लास्टिक या साऱ्या उद्योगांना माणसे मिळाली.

लँकेशायरचे कापड गेले, यॉर्कशायरचे पुष्कळसे गेले, आणि 1982 च्या संपानंतर गिरणगावाचे काय झाले हे इथल्या अनेक घरांनी सोसले आहे. संशोधन केंद्रांनी ते थांबवले नाही. कामगाराची नोकरी प्रयोगशाळा वाचवील असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. परंतु गिरणीचे भोंगे थांबले तरी लीड्स विद्यापीठातील वस्त्रविद्या थांबली नाही. माटुंग्याची संस्थाही आज स्वतंत्र विद्यापीठाच्या दर्जाची आहे. गिरणीची जमीन विकता आली. शिकलेली विद्या विकून टाकता येत नाही.

म्हणून विश्वस्तांपुढे एक विनंती ठेवते. आपल्या शिक्षणनिधीत मोठ्या देणग्या येतात तेव्हा येतात, मधल्या वर्षांत तो कोरडा असतो. प्रत्येक कुटुंबाने वर्षाला एक लहान आणि सर्वांना सारखी रक्कम द्यावी. कोणाची अधिक नको, कोणाची कमी नको. त्यातून आपल्या मुलामुलींना उच्च संशोधनासाठी साहाय्य व्हावे आणि 'याचा आपल्याला काय उपयोग' हा प्रश्न पहिल्याच दिवशी त्यांना विचारला जाऊ नये. ऐच्छिक देणग्या येतील तितक्या येऊ द्याव्यात. त्यांनी शोभा होईल. उथळ्या मात्र अर्ध्या शेकेलच्याच असाव्यात.