ताईनं माझा कोड नापास केला

हेडफोन लावलेत ना? आज कोडबद्दल थोडं आणि माझ्या ताईबद्दल जास्त बोलणार आहे.

ताई बीएस्सी नर्सिंग. चार वर्षं आयसीयूत काढली आणि एक दिवस म्हणाली, "मी सिम्युलेशन कंपनीत जातेय." आई म्हणाली, "म्हणजे पेशंट सोडून बाहुल्या विकणार?" खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं होतं.

या बाहुल्या खरंच एका खेळणीवाल्याकडून आल्या. नॉर्वेतल्या स्टावांगरचे आस्मुंड लेर्डाल यांनी १९६० मध्ये 'रिससी ॲन' हा पुतळा आणला, तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी. आजचे पुतळे श्वास घेतात, त्यांची नाडी लागते. छाती ५ ते ६ सेंटिमीटर दाबली गेली का, मिनिटाला १०० ते १२० चा वेग राहिला का, हे सेन्सर सांगतात. चुकलात तर पुन्हा पहिल्यापासून.

मी हौसेनं असाच एक पेशंट मॉनिटर लिहिला. श्वास थांबला की ऑक्सिजनचा आकडा ठरावीक वेगानं खाली. सगळ्या टेस्ट पास! ताईनं दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, "नापास."

"का गं?"

"आधी मास्कनं भरपूर ऑक्सिजन दिला असेल, तर श्वास थांबल्यावरही आकडा काही मिनिटं छान दिसू शकतो. मग एकदम कोसळतो. त्यात बोटावरचा प्रोब थोडा उशिराच सांगतो. तुझ्या मॉनिटरवर शिकलेली मुलगी आकड्याची वाट बघत बसेल. तिनं पेशंटची छाती बघायला हवी."

मग जरा थांबून म्हणाली, "पहिल्या वर्षी मी अशीच आकड्याकडे बघत उभी होते. सिनियर सिस्टरनं मला बाजूला ढकललं, म्हणून पेशंट वाचला."

हे तिनं घरात कधीच सांगितलं नव्हतं.

आता ती आखाती देश आणि पूर्व आफ्रिकेतला व्यवसाय बघते. मला वाटायचं, इंटरनॅशनल बिझनेस म्हणजे विमान, हॉटेल, प्रेझेंटेशन. तिचे प्रश्न वेगळेच असतात. शिकवणार कोण? सुटे भाग मिळतील का? लाइट गेली तर? एका कॉलेजला सगळ्यात महागडा पुतळा हवा होता. तिनं विचारलं, तुमच्या मुली सगळ्यात जास्त काय हाताळणार? उत्तर आलं, बाळंतपण आणि त्यानंतरचा रक्तस्राव. तिनं त्यासाठीची साधी, स्वस्त मॉडेल्स सुचवली. इन्सेंटिव्ह कमी मिळाला. पण प्रत्येक मुलीला हात लावून सराव करता आला.

नर्सिंग करणाऱ्यांनो, भारतीय नर्सिंग परिषदेच्या २०२१ च्या सुधारित बीएस्सी अभ्यासक्रमातही सिम्युलेशन आहे. म्हणजे शिकवायला, केसेस लिहायला माणसं लागणारच. पण या कामाला जायचं तर आधी वॉर्डात काही वर्षं काढा. ताईकडे जे आहे, ते तिथूनच आलंय.

आई आता शेजारणीला सांगते, "आमची मुलगी नर्सच आहे हो, फक्त तिचा वॉर्ड मोठा झालाय."

माझा कोड? तिसरं व्हर्जन ताईकडे तपासायला गेलंय. अजून पास झालेला नाही. भेटू पुढच्या भागात!