विक्रांतवरचे आलिझे

भारतीय नौदलाच्या ३१० क्रमांकाच्या स्क्वाड्रनने १९६१ साली स्वीकारलेले आलिझे हे फ्रान्सच्या ब्रेगे कंपनीचे पंख्याचे विमान पाणबुड्या हुडकण्यासाठी घडवलेले होते. त्याच्या पोटातून खाली उतरणारा रडारचा घुमट पाण्यावर डोकावणाऱ्या पाणबुडीचा माग काढी, तर पंखांवरील चाकांच्या फुगीर कप्प्यांत सोनोबॉय, म्हणजे पाण्याखालचा आवाज टिपून तो रेडिओने कळवणारी तरंगती यंत्रे, ठेवलेली असत. तप्त वायूंच्या जोरावर पंखा फिरवणारे त्याचे रोल्स-रॉइस डार्ट हे टर्बोप्रॉप इंजिन सांताक्रूझला उतरणाऱ्या व्हायकाउंट आणि फोकर फ्रेंडशिप या प्रवासी विमानांतही असल्यामुळे त्याचा कर्कश सूर अंधेरी-घाटकोपरच्या रहिवाशांना, नकळत का होईना, ओळखीचा होता. १९७१ च्या युद्धात विक्रांत या विमानवाहू युद्धनौकेवरील आलिझेंनी बंगालच्या उपसागरात हल्ले चढवले; पश्चिमेकडे मात्र १० डिसेंबरला एक आलिझे पाकिस्तानच्या एफ-१०४ या स्वनातीत जेटला बळी पडले, कारण एवढ्या संथ विमानाचा अशा शत्रूपुढे निभाव लागणे कठीणच होते. पुढे विक्रांतवरील कॅटापल्ट, म्हणजे विमान वाफेच्या दाबाने पुढे फेकणारे यंत्र, काढल्यावर आलिझे किनाऱ्यावरूनच उडू लागले आणि १९९१ मध्ये सेवेबाहेर गेले. गोव्यात बोगमाळोजवळच्या नौदल विमान संग्रहालयात त्यांपैकी एक आजही पाहता येते.